नीळ घातलेला पांढरा

मैत्रीनं कॉलेजातून आणलेला कागद जेवायच्या टेबलावर पसरला आणि चतुराबाईनं वाकून बघितलं, तर त्यावर ताटाएवढी भाकरी छापलेली होती आणि ती भाकरी पिवळीजर्द होती. "ही भाकरी हाय का पुरणपोळी?" चतुराबाईनं विचारलं. "का पीठ मळताना हळदीचा डबा पालथा केलास?" एरवी असल्या बोलण्यावर नात फणकाऱ्यानं उत्तर द्यायची, दोघींची जुंपायची, आणि आतून सून विजयश्री म्हणायची, बास करा आता दोघी. आज मैत्री हसलीही नाही. तिनं लॅपटॉप उघडून कागदाशेजारी ठेवला. त्यावर तिनं रंगवलेली तीच भाकरी होती, पण पांढरीशुभ्र, पापुद्रा सुटलेली, चुलीवरून आत्ता उतरवल्यासारखी. "बघ ना आजी. इथं नीट दिसते आणि छापली की अशी. मॅडम म्हणाल्या, तुझ्या भाकरीत काही चूक नाही, तुझी स्क्रीन खोटं बोलते. आधी तिचे रंग तपासून आण." एवढं बोलून पोरगी हात धुवायला गेली. चतुराबाई मात्र आमटीची वाटी हातात घेऊन होती तिथंच उभी राहिली. वाटी तिरकी झाली, आमटी अंगठ्यावरून मनगटाला आली, तरी तिला भाजलं नाही. स्क्रीन खोटं बोलते. मशीनला बी खोटं बोलता येतं? मग हे दोन वर्षांमागं कुणी का सांगितलं नाही?

रात्री अंथरुणावर तिनं ते वाक्य उलटंपालटं करून पाहिलं, बाजारात कांदा हातात फिरवावा तसं. नवरा गेनबा गेल्यावर तिनं चाकणच्या बाजारात वर्षानुवर्षं कांदा निवडला होता, त्यावर पोरगं शिकवलं होतं, आणि तिथल्या आडत्यांना, हमालांना, प्रसंगी फौजदारालासुद्धा तिनं तोंडानं गार केलं होतं. शाळेत ती दुसरीपर्यंत गेली, तीही पावसाळा सोडून. पण तिच्या शब्दापुढं भावकीत कुणी शब्द ठेवत नसे. मोशीच्या या सहाव्या मजल्यावर राहायला आल्यावरही सोसायटीचा सेक्रेटरी लिफ्टमध्ये ती दिसली की जिन्यानं जायचा. साऱ्या घरात ती फक्त एकाच वस्तूशी भांडली नव्हती आणि ती वस्तू म्हणजे हा लॅपटॉप. त्याला बोलून उपयोग नव्हता, कारण तो उलट बोलत नव्हता. शिवाय पहिल्याच दिवशी त्यात तिचा पोरगा गणराज दिसला तेव्हा ती लॅपटॉपच्या पाठीमागं जाऊन बघून आली होती, आणि त्यावर माय-लेकी आणि तिकडून गणराज असे तिघं पोट धरून हसले होते. तेव्हापासून मशीनच्या गोष्टीत तिनं तोंड उघडायचं नाही असं ठरवलं होतं. सगळ्या आयुष्यात तिनं एवढी एकच जागा सोडून दिली होती, आणि नेमक्या त्याच जागेतून ते आत शिरलं.

गणराज तिचा एकुलता एक. चाकणच्या कंपनीत चांगला चिकटलेला. मग कंपनीनं त्याची अख्खी लाइनच दूर दक्षिणेत होसूरला हलवली आणि म्हणाली, जायचं असेल तर जा. विजयश्रीची नोकरी इथं, मैत्रीची बारावी इथं, म्हणून तो एकटाच गेला. जाण्याआधी त्यानं दोन कामं केली: मैत्रीला लॅपटॉप घेतला, आणि आईच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढून आणला. पट्टी सोडली त्या दिवशी चतुराबाई गॅलरीत उभी राहून दोरीवरच्या कपड्यांकडं बघतच राहिली होती. डावा डोळा झाकून उजव्यानं बघायची, मग उजवा झाकून डाव्यानं. डाव्यानं चादर काकवी सांडल्यासारखी दिसे, उजव्यानं लख्ख, नीळ घातल्यासारखी. "गण्या," ती म्हणाली होती, "मी येवढी वर्सं मळक्या घरात ऱ्हात हुते व्हय रं?" तो म्हणाला, "घर तेच आहे आई, डोळा नवा आहे." मग तिला नादच लागला. भाजीवाल्यापुढं, दूधवाल्यापुढं, सुनेनं धुतलेल्या भांड्यापुढं ती डाव्या डोळ्यावर तळहात ठेवायची आणि नव्या डोळ्यानं निकाल द्यायची. त्या डोळ्याचा तिला पोटच्या पोरासारखा अभिमान होता. कारण तो पोटच्या पोरानं दिला होता.

आणि त्याच डोळ्यानं तिनं त्या रविवारी पाहिलं होतं. दर रविवारी संध्याकाळी गणराज तिकडून फोनवर बोलायचा आणि इकडं लॅपटॉपवर दिसायचा. विजयश्री आत भाकऱ्या थापत होती, मैत्री शेजारी बसून नखं खात होती. तो नुकताच अंघोळ करून आला होता, अंगात नुसता बनियन, केसांतून पाणी गळत होतं. म्हणाला, जेवण जात नाही, तिकडचं पाणी मानवत नाही. चतुराबाईनं डाव्या डोळ्यावर तळहात ठेवला आणि ती पुढं वाकली. "गण्या, जवळ ये. डोळं दाव." "काय आई!" "डोळं दाव म्हणते ना. पिवळा झालाईस तू." तेव्हा तो हसला. थकलेलं हसू होतं ते, पण हसू होतं. "अगं, लॅपटॉप स्वस्तातला आहे, स्क्रीन पिवळी मारते. मैत्री, सांग तुझ्या आजीला." आणि मैत्री नख तोंडातून न काढता म्हणाली, "हो गं आजी, ह्याचा डिस्प्लेच तसा आहे. सगळंच पिवळं दिसतं." एवढंच. चतुराबाईच्या ओठांवर आलं होतं की मला शिकवू नका, मी उभा जन्म कांद्याचा रंग पारखण्यात घालवला. उद्या सकाळी डॉक्टरकडं न्हाई गेलास तर मी गाडी धरून तिथं येते. पण तिच्या डोळ्यापुढं ते पाठीमागं जाऊन बघणं आलं, तिघांचं हसणं आलं. ती म्हणाली, "आसंल बाबा. तुमचं मशीन तुमाला ठावं." आणि तिनं डोळ्यावरचा तळहात खाली घेतला. पुढचा रविवार आलाच नाही. कंपनीतल्या कुणीतरी फोन केला, विजयश्री मिळेल त्या गाडीनं गेली, तिथले डॉक्टर म्हणाले, कावीळ अंगात मुरली, लिव्हर गेलं, जरा आधी आणलं असतं तर. जरा आधी. तो शब्द विजयश्रीनं तिकडून जसा आणला तसा घरात ठेवला, आणि त्यानंतर तिघींपैकी कुणी त्याला हात लावला नाही. विजयश्रीला त्या रविवारचं ठाऊकच नव्हतं. मैत्रीला आठवत होतं की नाही, हे चतुराबाईला कळत नव्हतं, आणि विचारायची तिची छाती नव्हती. तिची. चतुराबाईची.

भाकरीचा कागद आणला त्या आठवड्याच्या रविवारी मैत्री लॅपटॉप पिशवीत घालायला लागली तशी चतुराबाई लुगडं बदलून दारात उभी. "तू कशाला आजी? भोसरीला जायचंय, छपाईच्या दुकानात. उकाड्यात बसायला लागेल." "का, माझ्या बसण्यानं त्याची शाई वाळणार हाय?" मग रिक्षा. नाशिक रस्त्याला ट्रकांची रांग लागलेली, दोन्हीकडून कंपन्यांच्या बसगाड्या अंगावर येणाऱ्या, आणि पिशवी चतुराबाईच्या मांडीवर. मैत्री म्हणाली, दे इकडं, जड आहे. तिनं दिली नाही. तिला कळत होतं की आपण ती पिशवी दोन्ही हातांनी धरलीय, आजारी पोराला धरावं तशी. गणराज सात वर्षांचा असताना काविळीत असंच त्याला मांडीवर घेऊन ती खेडला निघाली होती, एसटीच्या खिडकीशी. तेव्हाही आधी तिलाच दिसलं होतं. पोरगं ओट्यावर बसलेलं, मावळतीचं ऊन, आणि गेनबा म्हणाला होता, ऊन पडलंय तोंडावर, म्हणून दिसतंय तसं. सासू म्हणाली, गाजरं लई खाल्लीत त्यानं. चतुराबाईनं कुणाचं ऐकलं नाही. चुन्याच्या निवळीत तिनं पोराचे हात धुतले आणि पाणी पिवळं झालं तसं ते भांडं नेऊन नवऱ्यापुढं आदळलं. "बग, ऊन उतारलं भांड्यात!" सासूनं काविळीची माळ आणली, डोक्यावर ठेवली, ती उतरत उतरत गळ्यात आली, छातीवर आली; चतुराबाईनं माळही राहू दिली आणि खेडच्या डॉक्टरांची बाटलीही पाजली, कोणाच्या गुणानं कावीळ उतरली ते डॉक्टरनं आणि माळेनं आपसात बघून घ्यावं. पण उतरली. कारण ती ओरडली होती. ती ओरडली की गोष्टी होत होत्या, हा तिचा अनुभव होता. आता रिक्षात ती पुन्हा देवाला म्हणत होती, पण ओरडून नव्हे, ओठसुद्धा न हलवता: मशीन खोटं निघू दे. तुजं काय जातंय? मशीन पिवळं निघू दे. म्हंजी तवा कोणालाच दिसण्यासारखं नव्हतं, मला बी न्हाई, पोरीला बी न्हाई. म्हंजी माजा डोळा फसला. आपला डोळा फसलेला असावा असं तिनं जन्मात पहिल्यांदा मागितलं, आणि मागताना तिला शरम वाटली नाही.

दुकान लग्नाचे अल्बम छापणाऱ्याचं होतं. सुजित नावाचा तिशीतला माणूस, कपाळावर चष्मा चढवलेला, भिंतीभर नवरा-नवरी टांगलेल्या. "या आजी, बसा. पंख्याखाली बसा." "पंक्याखाली बसवून कोनी फशिवलं तर?" "आपण फसवत नाही आजी, आपण फक्त गोरं करतो," तो भिंतीकडं बघत म्हणाला आणि मैत्री बऱ्याच दिवसांनी खळखळून हसली. त्यानं लॅपटॉप चालू करून नुसताच ठेवला. म्हणाला, जरा तापू दे, गार स्क्रीन खरं सांगत नाही. मग विचारलं, "नाइट लाइट वगैरे लावतेस का यावर? ते पिवळं करतं सगळं." मैत्री म्हणाली, "कधीच नाही. मला तो पिवळेपणा सहनच होत नाही." हे ती सहज बोलून गेली. चतुराबाईनं नातीच्या तोंडाकडं पाहिलं, तिथं काहीच नव्हतं. पोरीला आठवत नाही, ती मनाशी म्हणाली, आणि तिला सुटल्यासारखं वाटलं आणि त्याच वेळी फार एकटं वाटलं.

सुजितनं खणातून एक काळं, गोल, भाकरीच्या उंड्याएवढं यंत्र काढलं आणि वायरीनं स्क्रीनच्या बरोबर मध्यावर लोंबतं सोडलं. डॉक्टरनं छातीला नळी लावावी तसं ते स्क्रीनला चिकटलं. त्याखाली रंग बदलायला लागले, लाल, हिरवा, निळा, मग राख कालवल्यासारखे, एकापाठोपाठ एक, हळू. विजयश्रीनं सांगितलं होतं, तिकडं दवाखान्यात गणराजच्या छातीलाही अशीच कसली कसली गोल चकती चिकटवलेली होती आणि वर पडद्यावर रंगीत रेघा पळत होत्या. चतुराबाई तिथं गेली नव्हती. तिनं त्याला आणल्यावरच पाहिलं. "हे काय बगतंय रं?" तिनं विचारलं. "पांढरा बघतंय आजी. रंगांत पांढरा हाच साक्षीदार. समजा स्क्रीन पिवळी असली, किंवा खोलीतला बल्ब पिवळा असला, तर फक्त तोंड पिवळं दिसत नाही, पांढरा सदरासुद्धा पिवळा दिसतो. सदरा पांढरा असून तोंड पिवळं, असं मशीनला जमत नाही. मशीन माणसं निवडून पिवळी करत नाही."

पंखा फिरत होता. चतुराबाईला पंख्याचा आवाज येईनासा झाला. बनियन. अंघोळ करून आलेला गणराज, खांद्याशी ओला झालेला बनियन. तो पांढरा होता. नुसता पांढरा नव्हता, तो इतका पांढरा होता की ती 'डोळं दाव' म्हणायच्या आधी मनात म्हणाली होती, तिकडं याच्या कपड्याला नीळ कोण घालतंय? बाई गं, इतका स्वच्छ तर आपल्या हातूनही निघत नाही. त्या एका बनियनच्या भरवशावर तिनं त्या रात्री झोपही घेतली होती, की चला, पोरगं निदान स्वच्छ राहतंय. दोन वर्षं ती पिवळ्याकडंच बघत बसली होती. पिवळं आठवून, पिवळं पुसून, पुन्हा आठवून. आणि पांढरा तिथंच, त्याच्याच अंगावर, साक्षीला उभा होता. त्याला कुणी विचारलंच नाही.

यंत्रानं टिंग असा आवाज केला. सुजित आकड्यांवर वाकला, चष्मा खाली घेतला. "बरोबर आहे तुझ्या मॅडमचं. बराच बिघाड आहे. पण पिवळा नाही, ही स्क्रीन निळी आहे. स्वस्तातल्या बऱ्याच अशाच येतात, पांढरा नीळ घातल्यासारखा दाखवतात, गिऱ्हाइकाला तोच लख्ख वाटतो. म्हणून तू भाकरीत पिवळा वाढवत गेलीस. जे पिवळं आहे ते ही कमी दाखवते." चतुराबाईनं विचारलं, आणि तिला आपलाच आवाज लांबून आला, "आदी पिवळी आसंल रं? आन आता निळी झाली आसंल?" "उलटं आजी. वापरून वापरून स्क्रीन पिवळट होत जाते. दोन-तीन वर्षांमागं ही आणखी निळी असणार." त्यानं तिच्याकडं वर बघितलं. "का हो?" "काय न्हाई. आपलं इचारलं."

म्हणजे जेवढं दिसलं त्याहून तो पिवळा होता. निळ्याआडूनसुद्धा तिला दिसलं होतं. तिचा डोळा फसला नव्हता, तिचा डोळा कधीच फसला नव्हता, आणि हा निकाल ज्या बाईनं आयुष्यभर चावडीवर, बाजारात, जिन्यात भांडून मिळवला असता, त्या बाईला आता तो मांडीवर येऊन पडलेल्या निखाऱ्यासारखा झटकावासा वाटत होता. घरी जावं आणि दार लावून, उशी तोंडात घालून ओरडावं, जे तेव्हा ओरडायचं राहिलं ते. तिनं उठण्यासाठी गुडघ्यावर हात ठेवला. आणि तेव्हा तिला मैत्री दिसली.

मैत्री लॅपटॉपकडं बघत नव्हती. तिचा अंगठा तोंडाजवळ होता, नख दातांत, आणि ती नख खात नव्हती, नुसती थांबलेली होती. त्या रविवारी बसली होती तशीच. पोरीला आठवत होतं. पहिल्या दिवसापासून आठवत होतं. नाइट लाइटचं ते सहज बोलणं सहज नव्हतं. पोरगी स्वतःलाच तपासत होती. म्हणून ती मॅडमच्या एका वाक्यावर धावली होती, म्हणून रिक्षात पिशवीला हात घालत होती. दोघी एकाच पिशवीवर हात ठेवून एकाच देवाला तेच मागत आल्या होत्या.

"आजी," मैत्री हळूच म्हणाली. "ही निळी आहे म्हणतात."

"आयकलं की मी. भैरी न्हाई."

"मग तेव्हा... तू बाबांना म्हणाली होतीस. आणि मी म्हटलं, सगळंच पिवळं दिसतं. मी असंच म्हटलं होतं गं. मी बघितलंसुद्धा नव्हतं." तिनं अंगठा मुठीत दडवला. "तुला खरंच दिसलं होतं ना?"

सुजितला काही कळलं नाही, पण तो शहाणा माणूस होता. उठून आतल्या छपाईच्या मशीनकडं गेला. भिंतीवरचे नवरा-नवरी तेवढे बघत राहिले. चतुराबाईला वाटलं, हिला मांडीवर ओढावं आणि म्हणावं, व्हय, दिसलं होतं, आणि मी गप बसले, चल, दोघी मिळून रडू. तेवढं सुख तिला फार हवंसं झालं. दोन वर्षांत त्या गोष्टीला भागीदार मिळाला नव्हता. पण पोरीच्या मनगटाच्या त्या दोन काटक्या, खाऊन खाऊन लाल झालेली बोटं. हिला अजून केवढं जगायचंय.

"मला काय दिसतंय डोंबल," चतुराबाई म्हणाली. आवाज नेहमीसारखाच खरखरीत निघाला, तिचं तिलाच नवल वाटलं. "तवा मोतीबिंदू हुता माझ्या डोळ्यात. मोतीबिंदूवाल्याला समदंच पिवळं दिसतं. दूध पिवळं, भिंत पिवळी, तुजी आई पिवळी. डॉक्टरला इचार."

"पण ऑपरेशन तर बाबांनी..."

"डाव्या डोळ्याचं कवा झालं? तुजा बाप गेल्यावर. तुज्या आईनं केलं न्हवं? मग." डाव्या डोळ्याचं खरंच नंतर झालं होतं. खोटं बोलताना एखादा खरा चिरा हाताशी सापडावा लागतो, तो सापडला होता. "मला त्या दिशी तुजा बाप पिवळा दिसला आन त्याचा बनियन बी पिवळाच दिसला. काकवीत बुडवल्यावानी. ह्यो सुजित म्हनतोय न्हवं, समदंच पिवळं दिसलं म्हंजी बगनाऱ्यात खोट. माजीच चूक हुती पोरी. मी आपली सवयीनं तोंड उगडलं."

माजीच चूक. हे दोन शब्द तिच्या तोंडून आजवर कुणी ऐकले नव्हते, नवऱ्यानं नाही, सासूनं मरताना पाणी मागितलं तेव्हाही नाही. मैत्री तिच्याकडं बघत राहिली. "खरं?"

"मग काय खोटं बोलते व्हय मी? जन्मात कदी बोलले?"

पोरीनं श्वास सोडला. नुसता श्वास होता, पण तो दोन वर्षं आत अडकलेला होता आणि बाहेर येताना त्याच्याबरोबर एक बारीक हुंदकाही आला, मग दुसरा. चतुराबाईनं पदराच्या टोकानं तिचं नाक पुसलं, जोरात, भांडं घासावं तसं. "पूस. लोकाच्या दुकानात गळतीस."

सुजित आतून खाकरत आला. यंत्र काढून त्यानं काहीतरी दाबलं आणि स्क्रीनवरचा तो लख्ख निळसर पांढरा एकदम उतरला, मऊ झाला, सायीसारखा. "हे बरोबर झालं?" मैत्री नाक ओढत म्हणाली. "मला तर आता पिवळट वाटतंय." "खऱ्या पांढऱ्याची सवय नाही ना डोळ्याला. दोन दिवस जाऊ दे, मग हाच पांढरा वाटेल. काय आजी, तुम्हांला कसा वाटतो?"

दोघं तिच्याकडं बघत होते. चतुराबाई पुढं वाकली. सवयीनं तिचा तळहात उठला आणि डाव्या डोळ्याकडं निघाला, त्या रविवारसारखाच, उजव्यानं बघून निकाल द्यायला. आणि नातीची नजर त्या हाताबरोबर वर चढत होती. तिनं तो हात वाटेतच वळवला आणि पोरीच्या डोक्यावर ठेवला. "मला इचारू नगं बाबा," ती म्हणाली. "मला रंगातलं कळत न्हाई."